भाऊ म्हटले की बाप लागतो

माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण एका राजाबद्दल आहे. त्याचा बाप माहीत आहे, पाच पिढ्यांमागचा मूळपुरुष माहीत आहे, मधली माणसं मात्र बऱ्याच शतकांनी सापडली. जपानच्या सम्राटांच्या यादीत तो सव्विसावा. पंचविसावा मूलबाळ नसताना मेला, तेव्हा दरबारातल्या मंडळींनी दूरच्या समुद्रकाठच्या प्रांतातून याला शोधून आणलं आणि सांगितलं, हा पंधराव्या सम्राटाचा पाचव्या पिढीतला वंशज आहे. आठव्या शतकात दरबारानं लिहून घेतलेल्या इतिहासात एवढंच आहे. बापाचं नाव, आईचं नाव, आणि पाचवी पिढी. त्या इतिहासासोबत वंशावळीची एक वेगळी गुंडाळी होती म्हणतात. इतिहासाच्या तीस गुंडाळ्या टिकल्या, वंशावळीची तेवढी हरवली.

या मधल्या पिढ्यांसाठी मी प्रकरणात एक शब्द वापरला होता. प्रबंध इंग्रजीत आहे, पण त्या शब्दाला मराठीत ‘बनावट’ याहून सौम्य काही सापडत नाही. माझ्या गाईड बाईंनी तो शब्द लाल करून प्रकरण परत पाठवलं, आणि त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. भाचीला मेडिकलला सीट लागली होती. ती टिकवायची तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत हवं होतं, आणि त्यासाठी आमच्या घराच्या वंशावळीवर माझी सही हवी होती.

तेव्हा वडील जाऊन पाच महिने झाले होते. मी पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी पोचले, त्याआधी नाही पोचू शकले. लोक माझ्याकडे बघत होते, मी रडेन म्हणून. मी चहाचे कप गोळा केले. न्यूझीलंडला परत आले, दुसऱ्या दिवशी आठच्या गाडीनं कामावर गेले. अप्पर हट ते वेलिंग्टन गाडीत पाऊण तास मिळतो, तो मी गेली तीन वर्षं वाचण्यात घालवते. त्या पाच महिन्यांतही वाचत होते. पानं उलटत होती, टिपणं होत होती, गाडीतून उतरल्यावर आपण काय वाचलं हेही सांगता येत होतं. फक्त माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. दंतवैद्यानं इंजेक्शन दिलेल्या गालाला आपण बोट लावतो, तसं.

जपान मध्येच कुठून आलं असं इथली मराठी मंडळी विचारतात, म्हणून सांगते. मी इंजिनीअर झाले आणि पुण्यात नोकरीला लागले तेव्हा तिथं जपानी शिकायची लाटच होती. परीक्षेची एकेक पायरी चढली की कंपनी जरा सांभाळून वागायची. बाकीचे दोन पायऱ्या चढून थांबले, मी थांबले नाही. मला कुणी थांब म्हणत नाही तोवर थांबायची सवय नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. माझे वडील सूतगिरणीत होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांना सही करता यायची, आणि ती ते इतकी सावकाश करायचे की समोरचा कारकून दुसऱ्या कागदाकडे वळायचा. अशा माणसाची मुलगी सहाव्या शतकातल्या जपानी गादीवर न्यूझीलंडच्या विद्यापीठात एम.ए. करते, नोकरी सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर. मला याचा गर्व आहे आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही.

आता त्या वंशावळीचं.

बारावीनंतर मला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा पडताळणीसाठी वंशावळ मागितली. पडताळणी करणाऱ्यांना जुना कागद लागतो. अण्णांच्या जन्माआधीचा, घराण्यातल्या कुणाचाही, ज्यावर जात लिहिलेली आहे असा. आमच्या घरात असा कागद नव्हता. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत, पणजोबांचा तर प्रश्नच नाही. अण्णांनी गावच्या शाळेत खेटे घातले. शेवटी हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं. त्यात एका मुलाची नोंद निघाली. आमचंच आडनाव, आमचंच गाव, जात लिहिलेली. तो दुसरीपर्यंत शिकला होता. पुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा.

अण्णांनी घरी येऊन त्यांच्या म्हाताऱ्या आत्याला विचारलं, हा कोण?

“आपल्यातलाच की.”

“आपल्यातला म्हंजे कसा? नातं काय?”

“नातं काय म्हंजे? भावकी.”

“आगं, पर कुणाचा कोण?”

“मला काय इचारतूस? मी काय त्येच्या बारशाला गेल्ते?”

यापुढे माहिती मिळाली नाही. रजिस्टरात त्या मुलाच्या वडिलांचं नाव होतं. आमच्या पणजोबांचं नाव आम्हाला तोंडी माहीत होतं. या दोघांचं काहीतरी नातं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि काय नातं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या माणसानं सल्ला दिला, दोघं सख्खे भाऊ दाखवा, विषय मिटला. भाऊ दाखवायचे ठरले. पण भाऊ म्हटले की बाप लागतो, आणि बाप नव्हता.

घरी आल्यावर अण्णांनी मला कागदाचा ताव दिला. वंशावळ हातानं काढायची होती आणि घरात अक्षर माझं चांगलं. मी पट्टीनं रेघा मारल्या. खाली माझं नाव, वर अण्णांचं, त्याच्या वर आजोबा, पणजोबा. शेजारी तो दुसरीतला मुलगा आणि त्याचे वडील. मग दोन्ही रेघा वर नेऊन एका ठिकाणी जोडल्या आणि पेन धरून थांबले. अण्णांनी थोडा वेळ छताच्या पत्र्याकडे बघितलं आणि एक नाव सांगितलं. मी लिहिलं.

मी सतरा वर्षांची होते. मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. मला वाटलं, नाव छान आहे.

जातीबद्दल शंका कुणालाच नव्हती, हे इथं स्पष्ट लिहिते, नाहीतर वाचणारा भलतंच समजेल. आमची वस्ती कुठे होती, आमचा पाण्याचा आड कुठे होता, हे बघितलं असतं तरी कुणालाही कळलं असतं. पण आड फाइलीला जोडता येत नाही. प्रमाणपत्र आलं, मी शिकले. भाऊ शिकला नाही, त्याला पडताळणीची गरजच पडली नाही. त्यामुळे आमच्या घरात ते प्रमाणपत्र आजवर माझं एकटीचं. भाचीच्या फाइलीचा सगळा भार त्याच्यावर. आणि नियम असा, की ज्या नातेवाइकाच्या प्रमाणपत्राचा आधार घेतला त्यानं प्रतिज्ञापत्र द्यायचं, की ही माझी सख्खी भाची आणि ही वंशावळ खरी आहे.

भावाचं तालुक्याला कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर तो दुसऱ्यांच्या वंशावळी छापतो. त्यानं पाठवलेली पीडीएफ मी उघडली तेव्हा तेच नाव वर टाइप केलेलं होतं.

“ताई, बघितलीस का?”

“बघितली. वरचं नाव तसंच ठेवलंयस.”

“मग काय करू? तुझ्या फाइलीत जे हाय तेच तिच्या फाइलीत पायजे. एक रेघ हिकडची तिकडं झाली तर दोघींच्या फाइली टेबलावर येत्यात.”

“मी असं लिहिलं तर? की भावकी आहे हे नक्की, पण नेमकं नातं माहीत नाही.”

“हां. आन मग?”

“मग खरं होईल.”

“खरं?” भाऊ हसला. “ताई, तू ल्हानपणी पाणी कुठलं पित हुतीस? आपल्या आडाचं. ते खरं न्हवं का? ते कुठल्या रकान्यात लिहू सांग, आत्ता लिहितो.”

पुण्याला गेल्यावर माझी भाषा बदलली, त्याची बदलली नाही. त्यामुळे फोनवर नेहमी असं होतं, की तो बोलतो ते खरं वाटतं आणि मी बोलते ते अर्ज वाटतो.

“तू तिकडं काय शिकतीस म्हणालीस? जपानच्या राजाचं?”

“हो.”

“त्याच्यात पण असंच हाय म्हणालीस न्हवं? मधली माणसं न्हाईत.”

“हो. नंतर कुणीतरी लिहिली.”

“मग त्या राजाचं चालतंय आन माझ्या पोरीचं न्हाई व्हय?”

“त्याचंही चालत नाही. अजून भांडतायत लोक त्यावर.”

“भांडू देत की. तो गादीवर बसला का न्हाई?”

“बसला.”

“मग झालं. बसल्यावर किती बी भांडा म्हणावं.” मग हळू आवाजात, “ताई, तुझं झालंय शिकून. तू तिकडं हायस. तुला खरं परवडतंय.”

एवढं बोलून त्यानं मुदत सांगितली. चार आठवडे होते. तिथल्या वकिलाला विचारून ठेवलं होतं, न्यूझीलंडमधल्या जेपीचा शिक्का चालेल, पुढचं ते बघतील. जेपी म्हणजे सरकारनं शिक्का दिलेली गावातली भरवशाची माणसं. लायब्ररीत टेबल टाकून बसतात आणि लोकांची प्रतिज्ञापत्रं करून देतात.

फोन ठेवल्यावर मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. मी कुकर लावला.

त्या शुक्रवारी सेमिनार होता. आमचा सेमिनार म्हणजे गाईड बाई आणि आम्ही तिघं-चौघं. त्यात एक निवृत्त शाळामास्तर आहेत, माओरी, म्हणजे इथले मूळचे, हौस म्हणून येतात. विषय माझंच प्रकरण.

या राजाबद्दल तीन मतं आहेत. एक म्हणतं, हा बाहेरचा बलाढ्य माणूस, गादी घेतली आणि मागून वंशावळ चिकटवली. त्याला मुख्य प्रदेशात येऊन स्थिरावायला वीसेक वर्षं लागली आणि आधीच्या राजाच्या बहिणीशी लग्न करावं लागलं, ते यामुळेच. दुसरं म्हणतं, नाही, हा खरंच लांबचा भाऊबंद होता. पुष्कळ शतकांनी लिहिलेल्या एका भाष्यग्रंथात हरवलेल्या जुन्या ग्रंथाचा उतारा आहे, त्यात मधल्या सगळ्या पिढ्या नावानिशी आहेत, आणि त्या उताऱ्याची भाषा खरोखरच जुनी आहे. तिसरं मत म्हणतं की प्रश्नच चुकीचा आहे. त्या काळी एक घराणं, बापाकडून मुलाकडे, असं काही नव्हतंच. चार बलाढ्य घराणी होती, त्यातल्या ज्याला जमेल तो राजा. बापलेकाची सरळ रेघ ही नंतरच्या लिहिणाऱ्यांची सोय. या मताचे लोक एका जुन्या तलवारीचा दाखला देतात. तिच्यावर सोन्याच्या तारेनं एका सरदाराच्या आठ पिढ्या कोरल्या आहेत, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. यातला ‘मुलगा’ रक्ताचाच असेल असं नाही, त्या हुद्द्यावर पाठोपाठ आलेली ती माणसं असू शकतील, असं काहींचं म्हणणं.

मी पहिल्या मताची. अगदी सुरुवातीपासून. मला ते सरळ वाटायचं.

बाईंनी समासात लिहिलं होतं, ‘बनावट? कुणाला फसवायला?’ तेच त्यांनी तोंडी विचारलं.

मी म्हटलं, “वाचणाऱ्याला.”

“वाचणारे कोण होते? दरबारातलीच घराणी. त्यांना हा कुठून आला ते माहीत होतं. त्यांच्या घरांत त्याच्या येण्याच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या चालत आल्या असतील. ज्याला माहीत आहे त्याला कसं फसवणार?”

“मग कशासाठी लिहिलं?”

“तेच मी तुला विचारतेय. आणि लिहिणारा खोटं लिहितोय हे तू गृहीत धरलंयस. त्याला खरंच तसं वाटत असेल तर?”

“नाही,” मी म्हटलं. “त्याला माहीत होतं.”

“कशावरून?”

“लिहिणाऱ्याला माहीत असतं.”

बाईंनी चष्मा काढला. हे वाक्य तळटीप देऊन सिद्ध कर, असं त्या म्हणणार होत्या बहुतेक, पण त्याआधी मास्तर बोलले. त्यांच्याकडे वंशावळीला फाकापापा म्हणतात.

“आमच्याकडे ती उभं राहून म्हणायची असते,” ते म्हणाले. “सगळ्यांसमोर. एखादं नाव जास्तीचं घातलंत, तर मागं बसलेली कुणीतरी म्हातारी खोकते.”

सगळे हसले.

“आणि खोकणारी म्हातारीच उरली नसेल तर?” मी विचारलं.

“मग,” ते म्हणाले, “तुमची तुम्हाला सांभाळायची.”

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याकडेच गेले. मास्तर जेपी आहेत, शनिवारी सकाळी आमच्या लायब्ररीत बसतात. दुसऱ्या गावच्या लायब्ररीत अनोळखी जेपी मिळाला असता. नवऱ्यानं तसं सुचवलंही, चल, लोअर हटला सोडतो म्हणाला. मी नको म्हटलं. का नको म्हटलं याचं उत्तर मला आजही देता येत नाही. अनोळखी माणसापुढे सही करणं लपल्यासारखं झालं असतं, आणि मी लपत नाही, असं काहीसं असावं. गर्वाचा असाही उपयोग होतो.

“किया ओरा,” ते म्हणाले. “काय आणलंयस?”

मी कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, मराठीतली दोन पानं खालीवर केली.

“हे मला वाचता येत नाही. तू काय जाहीर करते आहेस ते मला सांग. ओळीओळीनं.”

मी हे धरलंच नव्हतं. तिथं सही, इथं शिक्का, पाच मिनिटं, असं माझं गणित. मी पहिली ओळ सांगितली. माझं नाव, पत्ता, ही माझी भाची. दुसरी ओळ, तिचे वडील माझे सख्खे भाऊ. मग वंशावळ. मी बोट ठेवून खालून वर सांगत गेले. ही माझी भाची. हा माझा भाऊ. हे माझे वडील.

“आहेत?”

“नाही. पाच महिने झाले.”

“सॉरी,” ते म्हणाले, आणि लगेच पुढे ढकललं नाही, थांबले. माझं बोट अण्णांच्या नावावर होतं. मी ते उचललं आणि वर नेलं. आजोबा. पणजोबा. हे पणजोबांचे भाऊ, हा त्यांचा मुलगा, याचं नाव शाळेच्या रजिस्टरात आहे. आणि हे दोघा भावांचे वडील.

इंग्रजीत ते वाक्य सोपं होतं. दिस इज देअर फादर. चार शब्द.

मास्तरांनी त्या वरच्या नावाकडे बघितलं. वाचता येत नसलेल्या अक्षरांकडे माणूस जसा बघतो तसा नव्हे, तर एखाद्या घरात शिरताना उंबऱ्याकडे बघावं तसा. मग विचारलं, “ही नावं तुला कुणी दिली?”

“वडिलांनी.”

“बरं.”

त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मग खुर्चीत सरळ बसून, वर्गातल्या आवाजात, नेमून दिलेला प्रश्न विचारला. ही सही तुझी आहे आणि यातला मजकूर खरा आहे असं तू मनापासून जाहीर करतेस का?

“हो.”

मी सही केली. माझी सही पटकन होते. त्यांनी त्यांची केली, शिक्का मारला, दुसऱ्या पानावरही मारला, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवले. शेजारच्या टेबलावर लहान मुलांची गोष्टींची वेळ चालू होती, कुणीतरी बदकाचा आवाज काढत होतं.

“स्वीट ॲज,” ते म्हणाले, इथल्या बोलीत झकास, आणि कागद दिले. “पुढच्या वेळी कुठलं प्रकरण?”

“तेच. दुरुस्त करून.”

बाहेर आले. सही करताना काही तुटेल किंवा निदान हलेल, असं कुठेतरी वाटत होतं मला. काही झालं नाही. मी स्कॅन केलं, भावाला पाठवलं, मूळ कागद कुरिअरनं पाठवले. व्हॉट्सॲपवर त्याचा अंगठा आला. मग दोन मिनिटांनी, ‘अण्णा असते तर खूश झाले असते.’ झालेही असते. त्यात खोटं काही नाही.

त्या रात्री नाही, रविवारी दुपारी बसून मी प्रकरणातला तो शब्द काढला. सात ठिकाणी होता. त्याजागी ‘नंतर लिहून घेतलेल्या’ असं घातलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मताला आणखी दोन-दोन पानं दिली. तलवारीवर आधी एक परिच्छेद होता, त्याचे चार केले. बाईंनी वाचून फोन केला. म्हणाल्या, “आता सगळं बरोबर आहे, पण भित्रं झालंय. आधीचं चुकीचं होतं, पण धीट होतं. तुझं नेमकं मत काय आहे?”

मी म्हटलं, मी कळवते. अजून कळवलेलं नाही.

मुदतीच्या दोन दिवस आधी भाचीचं प्रमाणपत्र आलं. सीट पक्की झाली. भावानं दुकानासमोर पेढे वाटले, त्याचा व्हिडिओ मला पाठवला. कचेरीतल्या शिपायालाही त्यानं हातानं पेढा भरवला. भाची हॉस्टेलला गेली. मी प्रमाणपत्राचा फोटो मोठा करून पाहिला, बंद केला.

दोन महिन्यांनी एका रविवारी तिचा फोन आला. ती मला दर रविवारी करते असं नाही, म्हणून मी आधी विचारलं, बरी आहेस ना.

“मस्त आहे आत्या. ऐक ना, तुला एक विचारायचंय. माझी रूममेट आहे ना, तिच्याकडे त्यांच्या घराण्याचं छापलेलं पुस्तक आहे. कुलवृत्तांत म्हणतात. कोण कुठून आलं, कुणी काय केलं, सगळं. फोटोबिटो आहेत. तिनं मला सहज विचारलं, तुमच्यात असतं का असं काही.”

“मग?”

“मी म्हटलं आहे. पुस्तक नाही, पण सहीशिक्क्याची वंशावळ आहे. दाखवली तिला पीडीएफ.” ती हसली. “तिच्या पुस्तकाला कुठे शिक्का आहे? मला इतकं भारी वाटलं ना आत्या. आणि ते सगळ्यांत वरचे आहेत ना, त्यांचं नाव पण किती वेगळं आहे. ते कसे होते? काय करायचे? पप्पांना विचारलं तर म्हणतात, आत्याला विचार, तिनं लिहिलीय.”

मी स्वयंपाकघरात उभी होते. नवरा बाहेर गवत कापत होता, मशीनचा आवाज येत होता. खिडकी लावून घेतली.

तिला काहीतरी सांगता आलं असतं. राजांच्या यादीतही दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत आठ जण असे आहेत, की बाप कोण, बायको कोण, महाल कुठे, थडगं कुठे, एवढंच लिहिलंय, काय केलं त्याचा एक शब्द नाही. बहुतेक अभ्यासक त्यांना मोजतच नाहीत. एखादी गोष्ट जोडलेली असती तर मोजलं असतं कदाचित. शेतात राबायचे, वेशीवर जागल्या होते, तमाशात ढोलकी वाजवायचे, यातलं काहीही चाललं असतं. तिनं ते रूममेटला सांगितलं असतं, आणि उद्या तिच्या पोरांना.

“ते नव्हते,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

मी सगळं सांगितलं. रजिस्टर, भावकी, टाइपरायटरवाला, ताव. अण्णांनी पत्र्याकडे बघितलं ते. लायब्ररीतलं सांगितलं. मी ते कुणाला तक्रार सांगावी तसं नाही सांगितलं, टिपण वाचावं तसं सांगितलं. जात खरी, गाव खरं, भावकी खरी, तेवढा एक माणूस नाही. माझा आवाज मला नीट ऐकू येत होता.

तिच्या मागे कुणीतरी बादली आपटली, नळ सुटला.

“पप्पांना माहितीये?”

“हो.”

“म्हणजे मला सोडून सगळ्यांना माहिती होतं.”

“आता घरातल्या तिघांनाच आहे. अण्णा गेले.”

“फॉर्मवर मी पण सही केलीये आत्या. खाली. वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.”

“तेव्हा तुझ्या माहितीप्रमाणे खराच होता.”

“आणि आता?”

तीन मतांपैकी कुठलंच इथं उपयोगी नव्हतं. मी सतरा वर्षांची असताना माझ्या हातात पेन होतं, मला माहीत होतं. तिला मी आत्ता, सीट मिळाल्यावर, पहिल्याच वर्षाला, ते आयतं हातात दिलं. तिच्या वडिलांनी तिला यापासून लांब ठेवलं होतं. मला आधी वाटायचं, भाऊ कागदाचाच विचार करतो. तो पोरीचा करत होता.

“सीटला काही होणार नाही,” मी म्हटलं. “प्रमाणपत्र खरं आहे. तू त्याची हक्कदार आहेस. यात तसूभरही शंका ठेवू नकोस.”

“ते मला माहितीये. मी सीटचं नाही विचारलं.”

“मग?”

“हे तू मला का सांगितलंस?”

“तू विचारलंस म्हणून.”

“मी ते कसे होते, एवढंच विचारलं होतं.”

तिनं फोन ठेवला नाही. कुणीतरी तिला मेसची वेळ झाली म्हणून हाक मारली, ती ‘आले’ म्हणाली आणि गेली नाही. बाहेर मशीन बंद झालं होतं. अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच काहीतरी माझ्यापर्यंत आलं, आणि ते दुखत होतं.

“आत्या,” ती शेवटी म्हणाली, “रूममेटला मी काय सांगू?”

“काही सांगायला पाहिजे असं नाही.”

“तिनं विचारलंय. ती परत विचारणार.”

“मग माहीत नाही म्हण.”

“नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज आता ताठ झाला होता. “माहीत नाही असं मी तिला नाही म्हणणार. मी बघते काय सांगायचं ते.”

आणि जेवायला गेली.